तेरा नंबरची खुर्ची

३ मार्च, सोमवार

तीस वर्षांचं कर्ज, आणि ठरावाचा कागद दीड पान! आमच्या बॉयलरची एक झडप बदलायची म्हटली तरी चार पानं भरून द्यावी लागतात.

आज नगरपरिषदेत राजधानीहून एक साहेब आला होता, ह्या कर्जातून काय उभारायचं ते सांगायला. बूट असे की त्यात बघून भांग पाडावा. मी त्याचं नाव चकाचक ठेवलं. पडद्यावर चित्रं दाखवली. गावाबाहेरच्या माळावर सौर पाट्यांच्या रांगा, वर निळं आकाश, खाली हसणारी पोरं. 'सूर्य बिल पाठवत नाही,' म्हणाला. टाळ्या! मी उठले. म्हटलं, साहेब, सूर्य नाही पाठवत, पण पाट्यावाला पाठवतो, बॅटरीवाला पाठवतो, बँक तर दर महिन्याला पाठवते. आणि हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता तुमचा सूर्य कुठे असतो? गावाला सगळ्यात जास्त वीज तेव्हाच लागते. वीजघरात चौतीस वर्षं बॉयलरपाशी उभी आहे मी. सातला काटा कुठे जातो ते मला झोपेतून उठवून विचारा.

'ताई, बॅटरी आहे ना!' किती वेळ पुरते? 'साधारण तीन तास.' आणि चार दिवस ढग असले तर? 'त्याचा अभ्यास चालू आहे.'

अभ्यास चालू आहे आणि वीजघर जूनमध्ये बंद! नवी चूल पेटते की नाही ते बघायच्या आत जुनी फोडायची. वा रे शहाणे!

४ मार्च, मंगळवार

अध्यक्ष जिन्यात भेटले. 'बाई, जग कुठे चाललंय बघा जरा.' जाऊ दे की! उधारीच्या गाडीतून मला नाही जायचं.

११ मार्च, मंगळवार

सकाळची पाळी. दोन नंबरचा फीड पंप पुन्हा कुरकुरतोय. बॉयलरला पाणी तोच पुरवतो, म्हणून दर अर्ध्या तासाने काचेतली पाण्याची पातळी बघत बसले. मधल्या वेळात पेपर वाचला. देशाच्या कर्जाच्या व्याजावर यंदा जेवढे गेले तेवढे शाळांवरसुद्धा गेले नाहीत म्हणे. नुसतं व्याज हं! मुद्दल जागच्या जागी, सुखात.

आणि हे पाचव्या पानावर, कोपऱ्यात. पहिल्या पानावर कोण, तर फीत कापणारे मंत्री. सरकारी पैसा म्हणतात. सरकारला खिसा असतो का? सरकारला नुसता हात असतो, आणि तो आपल्या खिशात असतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय!

संध्याकाळी नात मांडीवर झोपली. अकरा महिन्यांची. अजून धड उभी राहत नाही, आणि तिच्या नावावर कर्ज आहे. तिला कुणी विचारलं होतं? माझं डोकं असं तापलं की सूनबाई म्हणाली, 'आई, हळू बोला, उठेल ती.'

१७ मार्च, सोमवार

मतदान झालं. आमच्याकडे तेरा खुर्च्या. कारकून एक नंबरपासून नावं पुकारतो, आपण उभं राहून हो किंवा नाही म्हणायचं. सहा माळवाले, म्हणजे ज्यांना माळावर पाट्या हव्यात ते. सहा धुरवाले, ज्यांना वीजघर हवंय ते. नावं माझीच. तेरा नंबरची खुर्ची माझी. बारा वर्षं मी तिथेच बसते आणि बारा वर्षं कर्जाच्या प्रत्येक ठरावाला नाही म्हणते. म्हणून गावात मला नाहीबाई म्हणतात. म्हणोत. वाईट नाव नाही.

सहा-सहा झालं. मी नाही म्हटलं. कर्ज पडलं!

माळवाल्यांनी कागद आपटले. 'तुम्हाला प्रगती नको, धूर हवा.' मी म्हटलं, स्वतःच्या पैशाने लावा पाट्या, पहिली टाळी मी वाजवीन. पण नातवंडांच्या पैशाने नाही. माझ्या नाकात चौतीस वर्षांची काजळी आहे, धुराचं कौतुक मला सांगू नका.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी कुलपाची कानस खाली ठेवली. ह्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. म्हणाले, 'सगळ्यालाच नाही म्हणतेस, मग लग्नाला तेवढं हो कसं म्हणालीस?' म्हटलं, तेवढी एकच चूक केली, अजून फेडतेय.

१८ मार्च, मंगळवार

वीजघरात मला तीनदा चहा. दोनदा बिस्किटांसकट!

२ एप्रिल, बुधवार

आज तर कमालच झाली. अध्यक्ष स्वतः वीजघरात आले, डोक्यावर हेल्मेट उलटं घालून. म्हणाले, वरून मदत मंजूर झालीय. पंधरा वर्षं वीजघराचा सगळा तोटा सरकार भरणार. दोन्ही बॉयलर चालू राहणार, साठच्या साठ माणसं कामावर राहणार. परतफेड नाही. परिषदेने महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा, एवढंच.

गेल्या महिन्यात हेच अध्यक्ष माळावर पाट्या लावत होते. त्यांना काय, फीत कापायची असते. माळावरची असो, नाही तर धुरातली.

लोक नाचायला लागले. कोळशाच्या यार्डातून पोरगा धावत आला, हात काळे, तोंड काळं, फक्त दात पांढरे. सगळ्यांसमोर मला उचललं! 'आई, तुझ्यामुळे झालं! तू नाही म्हणालीस म्हणून!'

मी हसले. पण परतफेड नाही हे शब्द काही घशाखाली उतरेनात.

५ एप्रिल, शनिवार

कागद मागवून घेतले. चष्मा लावून दोनदा वाचले.

एक युनिट वीज बनवायला आम्हाला नऊ पडतात. गावाला आम्ही पाचला देतो. वरचे चार आजवर परिषद इकडून तिकडून भरत होती. रस्त्याचे पैसे, गटाराचे पैसे. आता ते वरून येणार. आणि वरच्यांकडे कुठून येणार? रोखे काढून. म्हणजे कर्ज! तेच कर्ज, फक्त आपल्या दारात नाही, आडगल्लीत काढलेलं.

म्हणजे माझ्या पगारातलासुद्धा काही भाग इतकी वर्षं असाच येत होता. हे लिहायला जड जातंय. पण खरं आहे ते आहे.

माझा हिशेब सरळ आहे. विजेचा दर खरा लावा. नऊ पडतात तर नऊ घ्या, लोक आपोआप दिवे मालवायला शिकतील. एक बॉयलर बंद करा, एक नीट चालवा. त्यात निम्मी माणसं कमी होतील. अंथरूण तेवढंच आहे, पाय कितीही लांब असोत. सोमवारी हे मी लेखी देणार.

७ एप्रिल, सोमवार

लेखी दिलं. अनुमोदन द्यायला एकही हात वर झाला नाही. धुरवाले माझ्याकडे असे बघत होते, जणू मी भर सभेत कपडे फाडले. 'बाई, देणारा देतोय, तुमचं काय जातंय?'

फुकट ते पौष्टिक!

मग मी बाहेर येऊन चौकातच सांगितलं. ह्या मदतीलासुद्धा माझं नाही. भाजीवालीला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं. कुणी मागून म्हणू नये की बाईने आयत्या वेळी दगा दिला. मतदान चौदाला.

९ एप्रिल, बुधवार

पोरगा आला. एकटाच. सूनबाईला आणलं नाही, तेव्हाच ओळखलं.

'आई, मदत पडली तर एक बॉयलर बंद होणारच. निम्मी माणसं म्हणजे शेवटी लागलेली तीस. त्यात मी आहे. माहिती आहे ना तुला?'

माहिती आहे.

'आणि तरी?'

तरी.

मग तो म्हणाला, 'सगळा देश घेतोय. प्रत्येक गाव घेतंय. तू एकटीने नाही घेतलं म्हणून देशाचं कर्ज फिटणार आहे का?'

चकाचकला गप्प केलं मी, आणि पोटच्या पोरापुढे भांडी घासत उभी राहिले. शेवटी म्हटलं, प्रत्येक गाव असंच म्हणालं म्हणून तर झालं कर्ज. तो म्हणाला, 'हे तू परिषदेत बोल. मी तुझा मुलगा आहे.' दार आपटलं नाही त्याने. हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

उत्तर बरोबर होतं माझं. अजूनही बरोबरच आहे.

१३ एप्रिल, रविवार

हे दिवसभर एकाच कुलपाशी झटापट करत होते. शेवटी म्हणाले, 'मी तुला काही सांगणार नाही. तुला सांगून कधी फरक पडलाय?' मी म्हटलं, सांगा तरी. म्हणाले, 'पोराला लहानपणी खाऊसुद्धा तू कधी उधारीवर आणून दिला नाहीस. रडायचा तो दुकानासमोर. मला तेव्हा तुझा राग यायचा. पण आपल्या दारात वसुलीला कधी कुणी आलं नाही, हेही खरं.'

म्हणजे मी काय करू?

'ते मला नको विचारू. मी कुलूपवाला आहे.'

हसायला आलं, मग रडायला आलं. मग उठून कणीक मळली. वाकणार नाही मी. उद्या वाकले तर बारा वर्षं मी नुसता दुसऱ्यांना उपदेश केला असं होईल. दुसऱ्याच्या पोराची नोकरी जाताना तत्त्व सांभाळणं फार सोपं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

मतदान. सभागृह भरलेलं, मागच्या भिंतीला लागून माणसं उभी. धुरवाले सहा, हो. माळवाले सहा, नाही. त्यांना मार्चचा राग काढायचा होता, देशाच्या कर्जाचं त्यांना काय! मग मी. नाही. ठराव पडला.

डोकं दुखतंय. निजते.

१५ एप्रिल, मंगळवार

वीजघरात कुणी चहा विचारला नाही. स्वतः केला.

वर आणखी माळवाल्यांचा पुढारी फाटकापाशी हात मिळवायला आला. 'बाई, मानलं तुम्हाला!' म्हटलं, तुमचं कर्जही मीच पाडलंय, विसरलात का? पुढच्या महिन्यात पुन्हा आणलंत तर पुन्हा पाडीन. पुढे केलेला हात तसाच मागे घेऊन गेला.

पाळी संपल्यावर माझ्या कपाटावर कुणीतरी खडूने लिहिलेलं दिसलं. तीस घरं खाल्ली. पुसलं नाही. लिहिणाऱ्याला बघू दे की मी वाचलंय.

१९ एप्रिल, शनिवार

मदत नाही, म्हणून एक बॉयलर बंद. तीस जणांच्या नोटिसा निघाल्या. पोराची अकरावी.

तो सूनबाईच्या माहेरगावी जायचं म्हणतोय. तिथे गोदामात काहीतरी आहे, पगार निम्मा. नातीची खेळणी एका पिशवीत भरली होती. मी घडी घालायला लागले तर सूनबाईने हातातले कपडे काढून घेतले. 'राहू द्या, आई.' उद्धटपणे नाही. उद्धटपणा केला असता तर मी भांडले तरी असते.

निघताना पोरगा म्हणाला, 'त्या दिवशी तू उभी राहिलीस ना, तेव्हा मला वाटलं होतं...'

काय वाटलं होतं?

'काही नाही.'

मी खिडकीतून बघत राहिले. रिक्षा वळली. नातीने हात हलवला की तिचा हात तिच्या आईने हलवला, कळलं नाही.

२३ एप्रिल, बुधवार

आज एका निवृत्त मास्तरांनी रस्त्यात थांबवून दोन्ही हात जोडले. 'बाई, स्वतःच्या मुलासाठीसुद्धा नाही वाकलात. असं माणूस बघितलं नव्हतं.' मी मान खाली घातली आणि चालायला लागले. चपलेचा बंद तुटेपर्यंत चालले.

२७ एप्रिल, रविवार

चौदा तारखेचं पान खोटं आहे.

त्या दिवशी मी नाही म्हटलंच नाही. सहा-सहा झालं, मी उभी राहिले, तिसऱ्या रांगेत पोरगा दिसला, आणि मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण कारकून आता माझ्या उत्तरासाठी थांबत नाही. 'तेरा नंबर, नाही,' एका दमात वाचलं, अध्यक्षांनी घंटा मारली, लोक उठले. मी खाली बसले.

उद्या त्या सभेचं इतिवृत्त मंजुरीला येणार. कुणाला आपलं मत दुरुस्त करायचंय का, असं अध्यक्ष विचारतात. नियमच आहे. एक शब्द बोलले की मदत बुधवारच्या आत मिळते आणि पोरगा परत येतो.

विचारतील तेव्हा मी उभी राहणार आहे. नाही म्हणणार आहे. ह्या वेळी माझ्या तोंडाने.