फुकट, पण झाकलेलं

ती. वकीलदादांना धाकट्याचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता कोर्टाचे जिने चढू देतो, की तोही नुसत्या तारखा देतो? वहिनींची साखर आटोक्यात असेल. आम्ही इकडे ठीक आहोत; स्मशानात नोकरी करणाऱ्याने प्रकृतीबद्दल याहून जास्त सांगू नये.

काम असं आहे. आमच्या विद्युतदाहिनीच्या कचेरीत अस्थींच्या डब्यांना नंबर द्यायला मी एक छोटा प्रोग्रॅम केला होता. आता तो आणखी अकरा स्मशानांना हवा आहे. तिथे अजून वहीवर काम चालतं, आणि महिन्याला एखादा तरी डबा भलत्या घरी जातो. मला तो फुकटच द्यायचा आहे. पण सोबत परवाना लागतो, म्हणजे वापरणाऱ्याने काय करायचं आणि काय नाही याचा कागद. मुख्य कचेरीतला संगणकवाला म्हणाला, "फुकटच देताय तर आतला कोडही उघडा द्या की. झाकायला आत सोनं आहे का?" सोनं नाही. तरी तो कोड मी कुणाला दाखवू शकत नाही. आणि सोमवारपर्यंत परवाना दिला नाही, तर ते लोक वहीवरच राहतील.

म्हणून तयार परवाने वाचायला बसलो (आठ वाचले, डोळ्यांना पाणी आलं, ते अक्षर बारीक म्हणून). एकात कलम होतं की वापर सुरू केला म्हणजे वापरणाऱ्याला सगळ्या अटी मान्य आहेत. आमच्याकडे ज्याच्यासाठी हे सगळं चालतं तो आडवा असतो, त्याला काहीही मान्य असतं. दुसऱ्यात होतं, वस्तू जशी आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही. ते वाचून मला देव आठवला (थट्टा नाही, हात जोडून लिहितो). त्यानेही सगळं फुकट दिलं, आतलं काही दाखवलं नाही, आणि हमीचं तर नावच नको. हिला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे जेवा पोटभर, पण चुलीपाशी यायचं नाही. असंच ना?" इतकं नेमकं आठही परवान्यांत नव्हतं.

तेव्हा तुम्हीच चार ओळी लिहून पाठवा: वापरा, वाटा, विकू नका, आत डोकावू नका, आणि काही चुकलं तर करणारा जबाबदार नाही.

तुमचा मावसभाऊ

ता. क. वकिलापासून लपवू नये म्हणून लिहितो. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, चूक पुसायची नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी बरोबर ते लिहायचं. कोडातही मी तेच करत आलो. आत एक ओळ तशी आहे. पूर्वी वीज जाऊन आली की नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. एकदा सात नंबरचे दोन डबे झाले. दोन्ही घरची माणसं बाहेर उभी होती, मी अंदाजाने दिले. त्या ओळीशेजारी तारीख आणि दोन्ही नावं लिहिलेली आहेत. ती पुसायला हात होत नाही.

दुसरी ता. क. तारीख मावशीची आहे. तुम्ही जो डबा छातीशी धरून नेलात, तो तिचा असण्याची शक्यता निम्मी. सहा वर्षं हे लिहायचं राहिलं. करणारा जबाबदार नाही, ही ओळ तुम्हाला पटली तरच लिहा.