डुबूकचे थांबणे

दिनांक ३ मार्च

ज्याच्या इच्छेवाचून पापणीही लवत नाही आणि ज्याच्या दयेला पात्रतेची अट नाही, त्या कृपावंताचे स्मरण करून हे पत्र लिहावयास घेते.

चिरंजीव रेघोट्यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

केस पांढरे झालेल्या माणसाला या नावाने हाक मारू नये, असे तू मला मागेच बजावले होतेस. पण भिंती, पाट्या, माझ्या वह्यांची पाठकोरी पाने काहीच रेघोट्यांवाचून न सोडणाऱ्या भावाला दुसरे नाव माझ्या लेखणीतून उतरत नाही. सहन कर.

तुझे पत्र पोचले. प्रकृती ठीक असल्याचे वाचून समाधान वाटले. माझे म्हणशील तर गुडघ्यांचे आणि माझे सपाटीवर एकमत असते, जिन्यावर नसते. सकाळचे वाचन आणि संध्याकाळचे निरूपण नेमाने चालू आहे. श्रोते मोजके, पण चिवट. त्यांतले निवृत्त न्यायाधीश अजूनही माझ्या प्रत्येक विधानाला पुरावा मागतात आणि मिळाला की निराश होतात. टिचकी हल्ली माझ्याकडेच असते. तिची आई कामात गुंतली आहे. नात सोबतीला असल्याने घर भरलेले वाटते.

आता तू लिहिलेल्या विषयाकडे वळते. संग्रहालयातील तरुण मंडळी तू हाताने चित्रे काढून केलेला जुना चित्रपट ‘डुबूक’ स्वच्छ करीत आहेत, धूळ आणि ओरखडे पुसले जात आहेत, हे वाचून आनंद झाला. त्यापुढचे वाचून मात्र मी पत्र खाली ठेवले. शेवटच्या प्रसंगातील तुझी ती चूक यंत्राने काढून टाकता येईल, पिल्लू उभे न राहता लगेच धावेल, फक्त महिनाअखेरीपर्यंत तुझा होकार हवा, असे ते म्हणतात. आणि तू लिहितोस, “ताई, अखेर डाग निघणार.”

रेघोट्या, तो काढू देऊ नकोस.

तुझाच चित्रपट तुला सांगणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणते. परंतु निरूपण करणाऱ्याची ही खोडच असते. कथा सांगितल्यावाचून अर्थाला हात घालवत नाही. गेल्या महिन्यात मी तो माझ्या श्रोत्यांनाही दाखवला. नदीच्या ओघात आईपासून सुटलेले पाणघोड्याचे पिल्लू वाहत वाहत शहरात येते आणि एका लाँड्रीच्या हौदातून वर निघते. लाँड्रीवाला जाडजूड, मिशाळ, तापट, आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र चादरींचा अहंकार बाळगणारा. डुबूकला मात्र जे जे करडे, गोल आणि मोठे, ते ते आई. बॉयलर आई. मळक्या कपड्यांचे गाठोडे आई. आणि बादली उचलायला वाकलेल्या लाँड्रीवाल्याची मागची बाजू, ती तर निःसंशय आई. या ठिकाणी न्यायाधीश खुर्चीवरून घसरले. सावरल्यावर म्हणाले, “बाई, हे मान्य करण्याजोगं नाही. पण पुन्हा लावा.”

डुबूकला दाराबाहेर फेकले की तो मोरीतून आत येतो. खळ घातल्याने ताठ होतो, इस्त्रीखाली चपटा होतो, कानांना चिमटे लावून दोरीवर वाळतो. गरम पाण्यात आटून मोज्याएवढा होतो आणि लाँड्रीवाल्याने वैतागून नळीने फू केली की टुणकन पहिल्यासारखा. हे सर्व पाहून मी या वयातही पोट धरून हसते. परंतु माझे लक्ष दुसरीकडे असते. डुबूक चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याचे पोट किंचित उशिरा पोचते. एवढ्याशा उशिराने त्याला वजन येते, आणि वजन आल्यामुळे तो खरा होतो. हे तू कोठे शिकलास, मला माहीत नाही. आणखी एक गोष्ट पाहते. त्या चित्रपटात एवढी फजिती होते, पण कोणी क्षुद्र ठरत नाही, तो तापट लाँड्रीवालादेखील नाही. लोकांना हसवणारे मी पुष्कळ पाहिले. हसवताना कोणालाही लहान न करणारा माझ्या पाहण्यात तूच.

वाट चुकलेला जीव समोर येईल त्या वस्तूला आपले मूळ समजून मिठी मारतो, हे शास्त्रवचन उलगडण्यात माझी वर्षे गेली. अर्धे श्रोते तोवर डुलक्या घेत. तू एका गाठोड्याला दोन बटणे लावलीस आणि डुबूकला त्याच्या कुशीत झोपवलेस, काम झाले.

त्या झोपलेल्या पिल्लाला फेकून द्यायला लाँड्रीवाला हात उगारतो आणि हात वरच राहतो. मग तो त्याला गाठोड्यासकट उचलतो, हातगाडीवर ठेवतो आणि संध्याकाळच्या उन्हात नदीकडे ढकलत नेतो. पाण्यातून आधी दोन कान वर येतात, मग खरी आई. डुबूक गाडीवरून उतरतो. आणि थांबतो.

तुझी चूक ती हीच. पाण्याची चित्रे एका पारदर्शक कागदावर, पिल्लाची दुसऱ्यावर. कॅमेऱ्याखाली दोन्ही बदलत जायचे. तू पाणी बदलत राहिलास आणि पिल्लू बदलायचे विसरलास. सकाळी पहिला खेळ, पुन्हा टिपायला वेळ नव्हता. त्यामुळे तो उभा राहतो. कान हलत नाही, शेपूट हलत नाही, डोळा मिटत नाही. त्याच्यामागे पाणी तेवढे वाहते. मग तो धावतो. तेव्हापासून कोठेही खेळ असो, ती जागा जवळ आली की तुला तहान लागते. तू बाहेर नळाशी जाऊन उभा राहतोस आणि टाळ्या ऐकू आल्या की परततोस.

ताई आता या चुकीत ईश्वराचा हात दाखवणार, असे तुला वाटत असेल. तसे मी म्हणत नाही. न्यायाधीश पुरावा मागतील आणि माझ्याकडे तो नाही. चूक ती चूकच, तुझीच, आणि निष्काळजीपणाची. तरीही ती राहू दे. का, ते सांगायचे तर जे लिहायचे टाळत होते ते लिहावे लागेल.

टिचकीची आई कामात गुंतली आहे, असे वर लिहिले. ते खरे नाही. तुझी भाची आजारी आहे. रक्ताचा आजार आहे. कित्येक महिने ती रुग्णालयात काचेपलीकडच्या खोलीत होती, जेथे लहान मुलांना प्रवेश नसतो. तुला कळवू नये, असे तिने माझ्याकडून वचन घेतले होते. म्हणाली, “मामा आधी रडेल, आणि त्याची समजूत मलाच काढावी लागेल. तेवढी ताकद सध्या माझ्यात नाही.” मागच्या आठवड्यात तिने मला त्या वचनातून मोकळे केले. तेव्हा आता रडून घे, आणि मग पुढचे वाच.

टिचकी त्या काळात दारावर पाऊल वाजले की धावत सुटायची. कधी वर्तमानपत्रवाला असे, कधी वरच्या मजल्यावरची शिंपीण. प्रत्येक वेळी ती उंबऱ्यापर्यंत आनंदाने जाई आणि तेथून मुकाट्याने परत येई. मग आम्ही ‘डुबूक’ लावायचो. दुपारचा तो नेमच झाला होता. ती हसायची, आणि तेवढा वेळ मीही.

आणि एके सकाळी तुझी भाची घरी आली. जावईबापूंच्या हाताला धरून, डोक्याला रुमाल, अंगाने अर्धी, भुवया नाहीत. मी दार उघडले. टिचकी आतून धावत आली आणि पाहते तो आई. आणि पोर जागच्या जागी उभी राहिली. हाक नाही, हात नाही, पापणी नाही. स्वयंपाकघरातला नळ मी तसाच सोडून आले होते. त्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

तुझ्या भाचीचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा कोणत्याही आईला पाहावा लागू नये. ती अगदी हळू म्हणाली, “ओळखत नाही ती मला.”

जावईबापू भला माणूस. ते घाईने लेकीला पुढे सारू लागले, “अगं, आई आहे ना, जा की.” तेव्हा मी त्यांचा हात धरला. सासूने जावयाचा हात असा धरू नये, पण धरला. मी म्हटले, “थांबा. तिला थांबू द्या. डुबूक उभा आहे.”

तुझी भाची तुझ्याच मांडीवर बसून तो चित्रपट पाहत वाढली. तिला अधिक काही सांगावे लागले नाही. ती चपलांच्या बाकावर बसली. तिने हात पुढे केले नाहीत, हाकही मारली नाही. नुसती बसून राहिली. मी मनात जप सुरू करू गेले, पण नामही आठवेना.

मग टिचकी निघाली. धावली नाही. एकेक पाऊल टाकीत आली, आईच्या कपाळावर, भुवया असतात तेथे, बोट फिरवले आणि गंभीरपणे विचारले, “तू गरम पाण्यात आटलीस?”

“हो गं,” आई म्हणाली. “जरा जास्तच आटले. फू कर, होईन मोठी.”

पोरीने गाल फुगवून तिच्या कानात अशी फू केली की रुमाल उडाला. आणि काचेपलीकडे इतके दिवस राहिलेली माझी मुलगी हसली. दोघी हसल्या. नळ बंद करायच्या निमित्ताने मी आत गेले आणि बराच वेळ तो बंद करीत राहिले.

आता सांग, मला त्या सकाळी कोणी वाचवले? इतके ग्रंथ वाचले, पण दारात गोठलेल्या पोरीचे काय करायचे, हे तुझ्या त्या उभ्या पिल्लाने मला शिकवले होते. ते आईला विसरलेले नसते. ज्याला त्याला आई म्हणून पाहून झाल्यावर खरी समोर आली, की जीव एकदम धजत नाही. त्याला क्षणभर मोकळे सोडावे लागते. यंत्राने तो क्षण पुसला तर डुबूक लगेच धावेल, सुबक दिसेल, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटेल की खरे प्रेम लगेच धावते. मग पुढच्या एखाद्या दारात एखादी आई समजेल की पोर आपल्याला विसरले.

तुझ्या भाचीला उपचारांसाठी पुन्हा जायचे आहे. ती पुन्हा येईल, अशी प्रार्थना करते. खात्री मला कोणी दिलेली नाही.

मी थोरली आहे, आज्ञा करू शकते. करीत नाही. चित्र तुझे आहे आणि त्याची लाजही तुझीच आहे. मी फक्त मागते. उत्तर लिही, किंवा ये.

तुझी ताई


दिनांक २९ मार्च

सर्वांना आपले म्हणणाऱ्याच्या पायांशी माथा टेकून,

चिरंजीव रेघोट्यास आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. तू उत्तर न लिहिता थेट दारात येऊन उभा राहशील, असे वाटले नव्हते. ठरल्याप्रमाणे तू आधी रडलास, आणि ठरल्याप्रमाणे तुझ्या भाचीनेच तुझी समजूत काढली. नंतर ती मला म्हणाली की त्यामुळे तिला बरेच वाटले. कित्येक महिन्यांत कोणी तिला असे काम दिले नव्हते.

त्या दुपारची आठवण मनातून जात नाही, म्हणून लिहिते. आपण चौघे ‘डुबूक’ पाहत बसलो होतो, टिचकी तुझ्या गुडघ्याला टेकून. हातगाडी नदीकाठी आली आणि सवयीने तू उठू लागलास. तुझी भाची म्हणाली, “मामा, तहान लागली असेल तर मी आणते पाणी. तू बस.” जिला दोन खोल्या ओलांडताना भिंत धरावी लागते, ती तुला पाणी आणून देणार होती. तू बसलास.

मी चित्रपट पाहिला नाही, तुला पाहिले. डुबूक उभा होता तितका वेळ तूही तसाच होतास. तो धावला, संपले, टिचकीने टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, “पाणी काय सुंदर हलतंय गं.”

“तूच काढलंयस ते, मामा,” तुझी भाची म्हणाली.

बाबा रे, स्वतःच्या हातची ती नदी तू कधी पाहिलीच नव्हतीस. नेमका त्या वेळी तू बाहेर नळाशी असायचास.

तू माझ्या समोरच संग्रहालयाला फोन केलास आणि सांगितलेस की धूळ पुसा, ओरखडे पुसा, पिल्लाला हात लावू नका. तिकडच्या मुलीने कारण विचारले असावे. तू म्हणालास, “त्याला अजून खात्री पटायची आहे.” याहून नेमके भाष्य माझ्या निरूपणात कधी झाले नाही. न्यायाधीशांना सांगितले, त्यांनी पुरावा मागितला नाही.

काल तुझी भाची रुग्णालयात गेली. टिचकीने खिडकीतून हात हलवला. कधी येणार, हे तिने विचारले नाही, म्हणून मीही काही सांगितले नाही.

माझी पत्रे तू संग्रहालयातल्या त्या मुलांना वाचून दाखवतोस, असे कळले. तर हा आशीर्वाद एकट्या तुला नाही. हे शब्द ज्यांच्या ज्यांच्या डोळ्यांखालून जातील, त्या सर्वांवर त्याची कृपा असो. त्यांचे दूर गेलेले माणूस एके दिवशी दारात येवो. आणि ते आल्यावर त्यांना उभे राहावेसे वाटेल तितका वेळ उभे राहू देणारे कोणीतरी मागे असो.

तुझी, आणि आता डुबूकचीही,
ताई