पाण्यावर तापलेलं पाणी

मामंजी, परवा मी मागील दारी तुमच्याच जागेवर, न्हाणीच्या भिंतीलगत जिथे तुमचं टेबल असायचं तिथे, लोणच्याची बरणी, स्टीलच्या दोन पट्ट्या आणि सलाइनची नळी घेऊन बसले. तुमचे चिरंजीव पेपर हातात घेऊन बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, "आता तूसुद्धा?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मधल्या काळात हायड्रोजनला फार चांगले दिवस आलेत. तुमच्या वेळी ते खूळ होतं, आता ते धोरण आहे. पाणी फोडून गॅस काढणार आणि त्यावर देश चालवणार म्हणतात. परिषदा होतात, पुढारी हिरव्या फिती कापतात. मी माझ्या सदरात या सगळ्याची यथेच्छ टवाळी केली, वाचकांनी वाहवा केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून माळ्यावर चढले नि तुमची बरणी शोधून काढली. टवाळी करणाऱ्यांचं हे असंच असतं. ज्याला नावं ठेवायची ते आम्हाला चोरून आवडत असतं.

तुम्हाला आठवत असेल, मी घाटावरची. सांगलीहून इथे मिरजोळ्यात आले तेव्हा वाटलं होतं, कोकणात तापलेलं पाणी कोणाला लागतंय, अकरा महिने अंगातूनच गळतंय. पण आपल्या घरात बारा महिने बंब पेटायचा, आणि तो पेटवणं हे नव्या सुनेचं काम. त्यात श्रावणातली ओली सोडणं. नारळाचं सोडण वाळलेलं असलं तर भडकतं, ओलं असलं तर माणसाचा सूड घेतं. एकदा तुम्ही पडवीतून विचारलंत, "रडतेस कशाला गो, सूनबाई?" मी म्हटलं, "रडत नाही, बंब पेटवतेय. या घरात दोन्ही एकच." लग्नाला चार महिने झाले होते आणि एवढं लांबलचक वाक्य मी सासरी प्रथमच बोलले होते. तुम्ही हसला नाहीत. कारखान्यात तीस वर्षं गॅस वेल्डिंग करून तुम्ही त्याच साली निवृत्त झाला होतात आणि दिवसभर खुर्चीत बसून घड्याळाकडे बघायचात, जसं काही पाळी सुटायची आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्चीत नव्हतात. जुन्या कारखान्यातून बॅटरीचा चार्जर उसना आणला होतात आणि सासूबाईंची कैरीच्या लोणच्याची बरणी राखेने घासत होतात. म्हणालात, "पाण्याचा गॅस काढू. धूर नाही, राख नाही. जळला की परत पाणीच."

पहिला प्रयोग आपण समुद्राच्या पाण्याने केला. नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही, मीठ लागतं, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. आणि एवढा समुद्र दाराशी असताना मीठ विकत कोण आणणार? स्कूटरला कॅन बांधून तुम्ही भाट्याहून पाणी आणलंत. चार्जर लावला, बुडबुडे उसळले, तुम्ही म्हणालात, "बघ गो, फुटलं पाणी." आणि पाच मिनिटांत असा वास सुटला की जणू विहिरीत ब्लीचिंग पावडरचं पोतं ओतलंय. मिठातला क्लोरीन निघत होता. आपण दोघं खोकत खोकत माडाखाली पळालो. आतून सासूबाईंचा आवाज आला, "ग्रामपंचायतीची माणसं आलीत काय गो? चहा टाकू?" मी हसायला लागले ती थांबेचना. तुम्ही आधी माझ्याकडे बघत राहिलात, मग स्वतःही हसलात, नाकाला पंचा लावून. त्या दिवसापासून दुपारी भांडी झाली की मी मागील दारी यायची. तुम्ही पट्ट्या घासायचात, मी नळ्या धरायची आणि शेजारच्या आळीची, नातेवाइकांची, आलेल्या-गेलेल्याची नक्कल करायची. पुढे ज्यावर माझं पोट चाललं ती जीभ तिथे सुटली.

समुद्र सोडून तुम्ही धुण्याच्या सोड्यावर आलात आणि काम रीतसर सुरू झालं. बरणीतून नळी, नळी पाण्याच्या बाटलीत, त्या बाटलीतून दुसऱ्या बाटलीत, मग पितळी टोचा, त्याच्या टोकाच्या भोकातून गॅस निघायचा आणि तिथेच पेटवायचा. दोन बाटल्या कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालात, ज्योत उलटी फिरली तर पाण्यात विझली पाहिजे, बरणीपर्यंत जाता कामा नये. मी ऐकलं आणि विसरले. एकदा तुम्ही नळी जोडत असताना मी गंमत म्हणून पेटती काडी बरणीच्या तोंडाजवळ नेली. तुम्ही माझं मनगट असं धरलंत की बांगडी वाढली. "थट्टा तोंडाने कर," तुम्ही म्हणालात, "हाताने नको." आवाज चढवला नाहीत. मला आजवर संपादकांनी, वकिलांनी आणि दोन आमदारांनी दम दिलाय, पण त्यातलं एकही वाक्य इतकं कामाचं नव्हतं.

आणि ती ज्योत उजेडात दिसायचीच नाही. तुम्ही झाडूची हीर पुढे धरायचात, टोक पेटलं की समजायचं, आहे. मी म्हटलं, "दिसत नाही अशी ज्योत आणि तापत नाही असं पाणी. देवळात याला श्रद्धा म्हणतात, मामंजी." तुम्ही आत गेलात, चिमूटभर मीठ आणलंत आणि टोच्यावर सोडलंत. भर दुपारी हवेतून पिवळीधमक ज्योत उभी राहिली. "घे, ही तुझी," तुम्ही म्हणालात. दागिन्यांची मला कधी हौस नव्हती. सासरहून मिळालेलं काय आवडलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि विचारणारी बाई विषय बदलते.

सासूबाईंचा संयम दसऱ्याला सुटला. तारा, बाटल्या, सोड्याच्या पुड्या बघून त्यांनी निकाल दिला: पाडव्याला जावई दिवाळसणाला येतोय, त्याच्या अंघोळीला या यंत्रावर निदान कोमट पाणी करून दाखवा. "नाही झालं तर ही अडगळ भंगारात, आणि तुम्ही देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसा, बाकीचे पेन्शनर बसतात तसे." तुम्ही "बरं" म्हणालात. पण मी तुमचा चेहरा पाहिला होता. भंगाराचं तुम्हाला काही नव्हतं. तुम्हाला कट्टा दिसत होता, आणि ती खुर्ची, ते घड्याळ.

पाडव्याची सकाळ. पाच वाजल्यापासून सहा तांबे पाणी तपेल्यात, खाली पितळी टोचे तीन, तुम्ही उकिडवे बसलेले. शेजारी सासूबाईंनी बंबही पेटवून ठेवलाय, कारण त्यांचा विज्ञानावर विश्वास असला तरी तुमच्यावर नाही. नऊ वाजता जावई पाटावर बसतात, चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवणारा सरळ माणूस, अंगाला तेल, कपाळाला कुंकू, आणि नजर राहून राहून चार्जरकडे. तुम्ही धोतर बदलून येता. सासूबाई उटण्याची वाटी खाली ठेवून तपेल्यात बोट बुडवतात. इतका वेळ बुडवून ठेवतात की कावळासुद्धा गप्प होतो. मग म्हणतात, "कोमट."

पहिला तांबा तुम्ही स्वतः जावयाच्या खांद्यावर ओतता. जावई डोळे मिटून म्हणतात, "बाबा, रागावू नका, पण एवढ्याच विजेवर साधा रॉड लावला असता, तर एव्हाना कढत झालं असतं." सगळे तुमच्याकडे बघतात. "ठाऊक आहे मला," तुम्ही म्हणता. "विजेने कोणीही तापवील. मला पाण्याने तापवायचं होतं." सासूबाई पदर तोंडाला लावून आत जातात आणि स्वयंपाकघरातून त्यांचं हसू बाहेर ऐकू येतं. बरणी राहिली. तुम्ही कट्ट्यावर गेला नाहीत, पुढची पाच वर्षं, शेवटपर्यंत. दारी येणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलाही, सांगत राहिलात: "जावयाला पाण्यावर तापवलेल्या पाण्याने अंघोळ घातलीय मी."

म्हणून परवा मी बसले. आता चार्जर नाही, गच्चीवर सौर पॅनल आहे, म्हणजे पुढाऱ्यांच्या भाषेत माझा हायड्रोजन हिरवा. तुमच्यासारखेच तीन टोचे, दोन बाटल्या, सहा तांबे पाणी, चार तास. सोबत थर्मामीटर, जो तुमच्याकडे नव्हता आणि बरं झालं नव्हता. ज्योत लागली, हीर पेटली, मी एकटीच टाळ्या वाजवल्या. चार तासांनी पाणी फार तर गार नव्हतं. शेजारी उन्हात सहज ठेवलेली बादली त्याच्याहून तापली होती. तुमचे चिरंजीव बाहेर आले, दोन्हीत हात घालून बघितला आणि सुज्ञपणे बादलीने अंघोळ केली. मी मात्र दुपारभर हसत होते, आणि उद्या पुन्हा बसणार आहे. पट्ट्या अजून जवळ आणल्या तर फरक पडेल असं वाटतं.

पण मग पाडव्याचं पाणी कोमट कसं झालं, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही धोतर बदलायला आत गेलात आणि जावई अजून पाटावर यायचे होते, तेव्हा मी बंबातून दोन तांबे कढत पाणी काढून तुमच्या तपेल्यात ओतलं होतं. दुसरा तांबा ओतून वळले तर दारात सासूबाई, हातात उटण्याची वाटी. त्यांनी तपेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तांबा माझ्या हातातून काढून घेतला आणि बंबावर जागच्या जागी ठेवला. आम्ही दोघी पुढे कितीतरी वर्षं एका घरात राहिलो, पण त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. आता त्याही तिकडे येऊन सहा वर्षं झाली. त्यांनी सांगितलं असेल तर या पत्राची गरज नाही. आणि अजून सांगितलं नसेल, तर मी कोण सांगणारी? म्हणून हे पाठवत नाही.