काजळगडचा अंधार

बालाघाट,
३ ऑगस्ट २००६

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तूही बरा असशील असं धरून चालते. वैनगंगा पुलाला टेकायला आली होती, आता उतरली. रिटायर झाल्यापासून बाबांनी अंगणात दोडक्याचा मांडव घातलाय. ऑफिसात फायली बघायचे तसं एकेक दोडकं उलटसुलट करून बघतात. पाकिटात राखी आहे. गीतावहिनी म्हणाली म्हणून घातली. गीतावहिनी म्हणजे तुझ्या मित्राची, महेंद्रभाऊंची बायको. त्यांच्या लग्नाला तू आला नव्हतास, म्हणून सांगितलं.

कामाशिवाय मी लिहिलं नसतं, हे तुला कळतंच.

आपला कंप्यूटरवरचा खेळ, ‘काजळगड’, पुन्हा निघतोय. पुण्याची एक कंपनी काढणार आहे. तू लिहिलेल्या कोडसाठी महेंद्रभाऊंनी तुझी सही मागवली होती, तेव्हा एवढं तुला माहीत असणार. पुढचं माहीत नसेल. आपण खेळ केला तेव्हा त्यात दिवे नव्हतेच. खेळातली मैना पणती घेऊन राणीच्या महालात शिरायची आणि तिचा उजेड मी चित्रातच रंगवून ठेवलेला असायचा, मोजक्या रंगांत, भिंतीवर पिवळा आणि कोपऱ्यात काजळी. आता प्रत्येक खोलीत खरे दिवे बसवायचे आहेत. मैना हलली की सावल्या हलल्या पाहिजेत. पण ज्यानं जुना काजळगड खेळलाय त्याला आपण त्याच जागी परत आलो असं वाटलं पाहिजे, ही कंपनीची अट आहे. उजेड नवा, चेहरा जुना.

शाळेच्या नोकरीतून सुटले की मी महेंद्रभाऊंच्या कंप्यूटर क्लासमध्ये कोपऱ्यातल्या मशीनवर बसते. दिव्याची जागा, रंग, जोर, पल्ला, सगळं ठरवून ठेवून येते.

आणि दुसऱ्या दिवशी ते तसं नसतं.

सुरुवातीला मला वाटलं, लाइट गेली असेल, काम जतन झालं नसेल. पण लाइट गेल्यानं दिव्याचा रंग तांबूस होत नाही. घुबडाच्या गुहेत मी उजेड वाढवला होता, कुणीतरी तो उतरवला. विहिरीच्या जिन्यावर एका खांबाला दोन सावल्या पडत होत्या, एक मी रंगवलेली आणि एक नव्या दिव्याची. मला ते सुधारायचंच होतं. सकाळी बघते तर नवी सावली जुनीच्या अंगावर बरोबर बसवलेली. हे काम नवशिक्याचं नाही.

महेंद्रभाऊंना विचारलं तर म्हणाले, “मशीन जुनी झाली, देवश्री. काही बी करते.” मशीन काही बी करत नाही, दादा. माणसं करतात.

मला वाटतं, कंपनीनं माझ्या मागे दुसरा चित्रकार लावलाय. मी रंगवलेल्या सगळ्या खोल्या एकेक करून दुसऱ्याच्या झाल्या, की शेवटी नाव कुणाचं लागेल? हा प्रश्न मी तुलाच विचारतेय, यात काही वावगं वाटत असेल तर वाटू दे. त्या मासिकाबरोबर वाटलेल्या सीडीवर काजळगड गेला तेव्हा ‘निर्मिती आणि चित्रं’ याच्यापुढे एकटं तुझं नाव होतं. छापणाऱ्याची चूक, असं तू म्हणाला होतास. असेलही.

मला एवढंच सांग, फायलीत कुणी हात घातला हे कसं शोधायचं? ईमेल करू नकोस. माझा ईमेल महेंद्रभाऊंनीच उघडून दिलाय, पासवर्ड त्यांना पाठ आहे. फोनही नको. फोन बाबांच्या खुर्चीशी आहे, आणि तुझा आवाज ऐकला की ते अजून टीव्ही मोठा करतात.

पोस्टानंच कळव.

देवश्री

*

बालाघाट,
४ सप्टेंबर २००६

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल, हे मी धरत नाही. राखी मिळाली असणार.

गणपती बसले आहेत. बाबा आरतीला मला मधोमध उभं करतात, हातात निरांजन देतात. परवा त्यांनी विचारलं, “दिवसाढवळ्या तुला एवढे लाइट कायले लागतात?” घरातले सगळे दिवे मी लावून ठेवते म्हणे. पावसाळी हवा आहे, लावते. माझ्या नडगीवर एक खरचटणं आहे, त्याचीही चौकशी झाली. स्टूल वाटेत होतं. अशा चौकशा आजकाल सगळेच करतात. संध्याकाळी क्लासमधून निघाले की गीतावहिनीला नेमकं आमच्याच गल्लीत काम निघतं. माझा दंड धरून चालते. मैत्रिणी धरतात तसा नाही, घट्ट.

तू काही सांगितलं नाहीस, म्हणून मीच सापळा लावला. विहिरीच्या जिन्यावर, अगदी खालच्या पायरीशी, एक हिरवा दिवा ठेवला. काजळगडात हिरवा उजेड कुठेच नाही. कुणालाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी हिरवा दिवा गेलेला, आणि त्या पायरीवर काळोख असा निगुतीनं अंथरलेला, जसा मी कधीकाळी स्वतः रंगवला होता.

मग मी क्लास भरायच्या आधीच महेंद्रभाऊंना गाठलं.

“कोण करतं हे?”

“मी नाही हात लावला.”

“मग कोणी लावला?”

त्यांनी एका मशीनवरचं कापड काढून ठेवलं. मग म्हणाले, “ज्यानं लावला त्यानं बिघडवलं काय? तेवढं सांग मले.”

त्यांनी दोन मशीन शेजारी लावल्या. एकीवर जुना काजळगड, दुसरीवर मी आदल्या दिवशी ठेवलेली घुबडाची गुहा. “पाह्य. तुले काय दिसून राह्यलं?”

“दोन्ही सारखे आहेत,” मी म्हटलं.

“सारखे नाहीत वं. इथं जुन्यात अंधार आहे आन् तुयावाल्यात भरदुपार झाली. जूनपासून दर खेपेला उजेड वाढूनच राह्यला. काहून खोटं बोलीन मी तुयासंग?”

गीतावहिनीला बोलावलं. ती खेळ कधी खेळत नाही. तिनं दोन्हींकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हौ, हे लय चमकून राह्यलं.”

दोघांनी ठरवून बोलावं तसंच बोलणं होतं ते. मी पर्स उचलली आणि निघाले. गीतावहिनी मागून आलीच.

कंपनीचंही सांगते. त्यांनी कळवलंय की गुहा आणि जिना आवडला, ‘अगदी जुन्याची आठवण झाली’. म्हणजे माझं काम खोडलेल्या खोल्याच त्यांना आवडल्या. एकाच खोलीवर त्यांचा आक्षेप होता, राणीच्या स्वयंपाकघरावर. तिथं जमिनीवर जो निळा ठिपका आहे तो चुकून राहिलेला दिसतो, पुसून टाका, असं म्हणाले. त्यांचं चूक नाही. चित्रात खिडकी कुठेच नाही, मग निळा उजेड येणार कुठून? मी काही केलं नाही. हो नाही, नाही नाही. तसंच ठेवून घरी आले.

काल ती खोली उघडली. ठिपका आहे. पुसलेला नाही. उलट कुणीतरी चित्राच्या बाहेर, डावीकडे, कमरेच्या उंचीवर एक दिवा बसवलाय आणि त्याला निळ्या काचेचा रंग दिलाय. आता मैना तिथून गेली की ठिपका तिच्या परकरावर चढतो आणि उतरतो.

लहानपणी आपण राहायचो त्या लामत्याच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराची खिडकी कमरेएवढ्या उंचीवर होती. तिची एक काच फुटली होती, आणि आईनं तिथं वहीचं निळं कव्हर चिकटवलं होतं. मी तो ठिपका तिथून उचलला होता, हे मी कंपनीला सांगितलं नाही, महेंद्रभाऊंना सांगितलं नाही, कुणालाच नाही. बाबा त्या स्वयंपाकघरात कधी शिरले नाहीत. आई आता नाही.

तर मग उरतं कोण?

या पत्राला उत्तर दे. आणि खरं दे.

देवश्री

*

बालाघाट,
९ ऑक्टोबर २००६

दादा,

तुझं उत्तर नाही, पण महेंद्रभाऊंनी कबूल केलं. मी त्यांना निळ्या काचेचं सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मी त्याले म्हटलं होतं, तिच्यापासून लपणार नाही म्हणून.” क्लास संपला की फायली नेटवरून तुला जातात, आणि सकाळी मी यायच्या आत परत येतात. जूनपासून. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं, तुला विचारलं की चोर कसा पकडायचा, तेव्हा ते चोरानंच उघडून वाचलं!

माझ्या रागाचं आता वर्णन करत नाही. महेंद्रभाऊंना विचार, त्यांनी पाहिलाय. मी त्यांच्याकडून कंपनीचे सगळे कागद मागून घेतले आणि ओळ न् ओळ वाचली. ‘चित्रं आणि प्रकाश’ याच्यापुढे देवश्री. तुझं नाव फक्त मूळ कोडपुढे आहे, जिथं ते असायलाच हवं. मग मी कागद उलटे करून पाहिले. असा माझा स्वभाव झालाय, आणि तो कुणामुळे झाला हे लिहायची गरज नाही.

“तो नावासाठी नाही करून राह्यला,” महेंद्रभाऊ म्हणाले.

“मग कशासाठी?”

“तू खोल्या पाठवत होती, त्या कंपनी परत पाठवणार होती. मी पाह्यल्या, मले भेव वाटलं. काजळगड जसा होता तसा आणखी कोणाले आठवते? मी त्याले फोन केला.”

“मला का नाही सांगितलं?”

“त्याचं नाव काढलं असतं तर तू काम सोडलं असतं. आन् दुसरं सांगायले माही जीभ नाही रेटली.”

ते दुसरं काय, ते तुलाही ठाऊक आहे, महेंद्रभाऊंना, गीतावहिनीला, बहुतेक अख्ख्या गल्लीला. मीच तेवढी लिहीत नव्हते. आता लिहिते.

दसऱ्यानंतर नागपूरला गेले होते. घरी सांगितलं, दिवाळीची खरेदी. गीतावहिनी सोबत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, बारीक ठिणग्या दिसल्या की बटण दाबायला सांगितलं. पुष्कळ वेळ काही दिसलं नाही, तेव्हा मला वाटलं मशीन बंद आहे. मी तसं म्हटलंसुद्धा. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, “चालू आहे, ताई.” अंधारातली नजर जातेय, आणि कडेची. आडातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं राहील, किती वर्षं ते कुणी सांगत नाही. चष्म्यानं होण्यासारखं नाही, ऑपरेशन नाही. दिवसाच्या उजेडात मला अजून सगळं दिसतं. हे अक्षर बघ, सरळ आहे ना?

म्हणजे मी उजेड वाढवत होते तो मला जुन्याएवढाच दिसायचा. मला वाटत होतं कोणीतरी माझा काजळगड काळा करतंय. तू फक्त होता तसा करत होतास.

हे मान्य करायला मला नागपूरहून परत येईपर्यंतचा रस्ता लागला. खिडकीशी बसले होते. वहिनी संत्रं सोलून देत राहिली.

पण एक शंका अजून आहे, ती विचारते. हे तू कशासाठी केलंस? दयेसाठी असेल तर आजच्या आज थांबव. त्या सीडीवरच्या नावाची भरपाई म्हणून असेल, तरी थांबव. ते असं गुपचूप फिटत नाही. आणि काजळगड तुझाही आहे, तो बिघडलेला बघवला नाही म्हणून केलं असशील, तर पुढचं वाच.

तू चुकलास. घुबडाच्या गुहेत. तू सगळा काळोख परत आणलास, पण डाव्या कोपऱ्यात पाण्यावर एक कडं होतं, फिकट, राखाडीच्या जेमतेम एक पायरी वर. मैनेची पणती जवळ आली की तेवढंच दिसायचं आणि कळायचं की तिथं पाणी आहे. महेंद्रभाऊंना बघायला सांगितलं. म्हणाले, नवीन गुहेत नाही, जुन्यात शोधलं तेव्हा सापडलं. मला ते आता जुन्यातही दिसत नाही. पण मी ते रंगवलं होतं, दादा. माझ्या हाताला माहीत आहे. ते परत ठेव.

असंच पुढेही करायचं असेल तर मी तयार आहे. महालाचं अंगण, बाग, नदीकाठ, उजेडाच्या सगळ्या खोल्या मी करीन आणि त्यांना तू हात लावायचा नाहीस. अंधाराच्या खोल्या तू कर, पण मी सांगीन तशा. कुठे काय होतं ते मला सगळं आठवतं, मी बोलीन आणि तू बसवशील. कागदावर ‘प्रकाश’ याच्यापुढे दोन नावं येतील. मी कंपनीला तसं कळवलंय, तुला न विचारता. कसं वाटतं ते तुलाही कळू दे.

हे काम पोस्टानं होणार नाही. नेटवर चोरूनही नको. दिवाळीला ये.

बाबांना माझ्या डोळ्यांचं माहीत नाही. मला एकटीला सांगता येत नाहीये. रोज चहाच्या वेळी ठरवते आणि दोडक्यांवर बोलून उठते. तू बाजूला असलास तर जमेल. ते तुझ्यावर चिडतील, आणि त्या गडबडीत मी बोलून टाकीन. एवढ्या उपयोगाचा तू नक्कीच आहेस.

गोंदियाहून सकाळची गाडी धर. संध्याकाळच्या गाडीनं येऊ नकोस. तुला घ्यायला मला एकटीनं स्टेशनवर यायचंय.

अजून पूर्ण विश्वास न बसलेली, तरी वाट बघणारी,
तुझी
देवश्री