मागून घेतलेला बाप्तिस्मा

आबायांग बेट
सोमवार, १७ जून १९९६

प्रिय लोसे आत्या,

प्रभूच्या नावानं सलाम. मी बरा आहे. पायाची जखम भरली, पोटाची कुरकुर थांबली. तुझी कंबर यंदाच्या चटया विणूनही शाबूत असेल असं धरून चालतो. पत्र बाबांच्या नावानं न येता तुझ्या नावानं का आलं, असं तू पाकीट हातात घेतानाच मनात म्हणाली असशील. सांगतो. आधी इकडची हकीकत ऐक.

सात आठवडे पाऊस नाही. विहिरीचं पाणी इतकं मचूळ झालंय की चहात कुणी मीठ घातलंय असं वाटतं, आणि त्याच पाण्यात धुवून धुवून आमचे पांढरे शर्ट चहाच्या रंगाचे झालेत. रोज मासा आणि नीरफणस. आपल्या तोंगातले कंद स्वप्नात येतात. माझा जोडीदार तिमोन इथलाच, शेजारच्या तारावा बेटाचा. मिशनचा नियम तुला ठाऊक आहे, दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. त्यामुळे पाच महिने मी त्याचं तोंड बघतोय आणि तो माझं. परवा म्हणाला, "तुझ्यापेक्षा बायको बरी. ती निदान माहेरी तरी जाते." लग्न झालेलं नाही त्याचं, पण बोलायला काय जातंय.

सकाळी वाचन, मग सायकलवरून घरोघर, संध्याकाळी कुणाचं छप्पर शाकारायचं असेल तर तिथे. रविवारी नऊ वाजता आमच्या शेडमध्ये प्रार्थना. आम्ही दोघं धरून अकरा माणसं. गावात दुसऱ्या पंथाची जुनी मंडळी शंभर वर्षांपासून आहे. त्यांचं दगडी देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घंटा त्यांचीही नऊलाच.

हे सगळं मी दर पत्रात लिहितो, आणि बाबा ते रविवारी मंडळीत मोठ्यानं वाचतात. म्हणून तर हे तुला लिहितोय.

आत्या, बाउरोबद्दल मी लिहिलं होतं ते आठवत असेल. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ज्या म्हाताऱ्याचा बाप्तिस्मा झाला, तो. गावातल्या वडीलधाऱ्यांमध्ये त्याचा मान मोठा. ती बातमी वाचून बाबांनी डुक्कर कापलं आणि अख्ख्या मंडळीला जेवू घातलं. आईनं लिहिलं की बाबा वाचता वाचता रडले. ते पत्र आलं त्या दिवशी मला घास गेला नाही. कारण त्या बातमीत जे घडलं ते सगळं मी लिहिलं नव्हतं.

इथे एक रीत आहे, बुबुती म्हणतात. तुला समजावून सांगायला नको. आपल्याकडे आत्येनं भावाच्या घरातली कुठलीही वस्तू उचलली तरी कुणी चकार शब्द काढत नाही ना, तसा हक्क इथे नात्यातल्या प्रत्येकाला. "मी बुबुती करतो" म्हणून मागितलं की समोरच्यानं द्यायचं. नाही म्हणणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. तिमोनचा रेनकोट असाच गेला. मागणाराही म्हणून जपूनच मागतो.

बाउरोनं मला मुलगा मानलं होतं. खरंखुरं, चारचौघांत सांगून. माडावर चढून नीरा काढताना तो गात असायचा. मी खाली उभा दिसलो की गाणं अर्ध्यावर सोडून ओरडायचा, "आला बघा माझा तोंगाचा मुलगा, नीरा उतरायच्या आधी हा हजर." आमचे पाठ तो मन लावून ऐकायचा. पण बाप्तिस्म्याचं विचारलं की हसायचा. "माझी कौरे तिकडे जाते. तिला तिकडे मीच नेतो. माझं ठरलेलं आहे." नेई कौरे, त्याची बायको; बाईच्या नावाआधी इथे मानानं नेई लावतात. तिचे गुडघे गेलेत. खोबरं वाहायच्या हातगाडीत चटई घालून तो तिला दर रविवारी गावाच्या त्या टोकाला न्यायचा आणि तिच्या शेजारी बसायचा. पन्नास वर्षं ती दोघं तिथे एका चटईवर बसत आली.

मार्चमध्ये मी बाबांना लिहून बसलो होतो की ईस्टरला आमच्याकडे बाप्तिस्मा होणार. आमच्या मिशनच्या अध्यक्षांनाही कळवलं होतं, ते विमानानं यायचे होते. ज्या जोडप्याचा व्हायचा होता ते आयत्या वेळी दुसऱ्या बेटावर निघून गेलं. माझ्याकडे पाच दिवस होते आणि माणूस एकही नव्हता. मला सरळ कळवता आलं असतं की झालं नाही. पण बाबा मंडळीसमोर उभे राहून ते वाचतायत असं डोळ्यांसमोर आलं आणि माझी हिंमत झाली नाही.

मी बाउरोच्या घरापुढच्या मचाणावर जाऊन बसलो. त्यानं नीरेचा पेला पुढे केला. मी म्हटलं, "बाबा, मी तुमच्याकडे बुबुती करतो. शनिवारी बाप्तिस्मा घ्या."

त्यानं पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिला, रागानं नाही, पोराला लागलंय का कुठे असं बघतात तसा. मग म्हणाला, "बरं."

बाहेर पडल्यावर तिमोन सायकलवर बसेचना. "असं मागतात? मासे माग, सायकल माग, छप्पर माग. माणूसच मागतात का?" मी त्याला म्हटलं, देवाच्या कामासाठीच तर मागितलं. तो म्हणाला, "देवानं मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं." त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

शनिवारी आतल्या उथळ समुद्रात मी स्वतःच्या हातांनी बाउरोला पाण्यात बुडवून वर काढलं. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाउरोनं गावाला सांगितलं, मला पटलं म्हणून घेतला. बायकोलाही तेच. मला त्यानं झाकून घेतलं, आत्या, आणि मी झाकून घेऊ दिलं.

पुढच्या रविवारपासून तो नऊला आमच्या शेडमध्ये. दिलेला शब्द तो अर्धा पाळत नाही. आणि नेई कौरे घरी. पुतणे म्हणाले आम्ही नेतो, तर ती म्हणाली, "नवरा असताना मी दुसऱ्यांच्या गाडीत बसू?" एका रविवारी दुपारी मी तिला मचाणावर बघितलं. ठेवणीतला झगा, केस तेल लावून बांधलेले, मांडीवर गीतांचं पुस्तक. मला काय ते कळलं. कळलं म्हणून मी रस्ता बदलला. सात आठवडे मी त्या घरावरून जायचं टाळलं, आणि तिमोनला सांगत राहिलो की मागची वाट सावलीची आहे.

दोन जूनला प्रार्थनेची भाकर खोलीवर राहिली. ती आणायला आम्ही दोघं पुढच्या वाटेनं धावलो, तर रस्त्याच्या कडेला केवड्याच्या झाडाखाली नेई कौरे मातीत बसलेली. एकटीच चालत निघाली होती. घरापासून दीडशे पावलंही गेली नसेल. दोन्ही गुडघे खरचटलेले, झगा मळलेला, आणि तिकडे घंटा वाजत होती. तिमोननं तिला उचललं. ती त्याला एवढंच म्हणाली, "बाउरोला सांगू नका." माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आम्ही तिला घरी ठेवून शेडमध्ये आलो. पहिल्या रांगेत बाउरो ताठ बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहून भाकर मोडली. त्या वेळी मला माझीच किळस आली, दुसरा शब्द नाही.

सोमवारी मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "बाबा, मी चुकीचं मागितलं. आता पुन्हा मागतो, तुम्ही परत जा. नेई कौरेला घेऊन तिकडे बसा." मिशनऱ्यानं असं बोलायचं म्हणजे काय, तुला कळेल. तिमोन खाली मान घालून चटईचे धागे उपटत बसला होता.

बाउरो म्हणाला, "तू मागितलंस तेव्हा मला वाटलं पोराची काहीतरी नड आहे. दिलं. मग पाण्यात उभं राहून मी देवाला हो म्हटलं, तुला नाही. आता तू म्हणतोस म्हणून पुन्हा तिकडे जाऊ? मी काय केरसुणी आहे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवायला?"

मग तो म्हणाला, "आता मी बुबुती करतो. कौरेला तू ने. मुलगा आहेस, तुझ्या गाडीत ती बसेल."

नाही म्हणायचं नसतं. नऊ तारखेला आणि काल, असे दोन रविवार मी तिला नेलं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर आपल्या मंडळीच्या नावाची पट्टी, पुढ्यात हातगाडी आणि शेजारी नियमाप्रमाणे तिमोन. लोक घराबाहेर येऊन बघतात. एकजण म्हणाला, "मिशनऱ्यांनी आता आपल्याकडे माणसं पोचवायचं काम घेतलं वाटतं." ऊन, वाळू, चाक रुततं. परत येईपर्यंत साडेनऊ होतात आणि आमची नऊ माणसं वाट बघत बसलेली असतात.

काल वाटेत मी नेई कौरेला खरं सांगितलं. म्हटलं, त्यांना पटलं नव्हतं, मी बुबुती केली होती. ती मागे न बघता म्हणाली, "पन्नास वर्षं संसार केलाय. त्याला काय पटतं नि काय नाही, हे तू मला सांगणार?" आणि थोड्या वेळानं, "तू कधी सांगतोस तेवढं बघत होते. डावीकडनं घे, पुढे खड्डा आहे."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आत्या.

आज अध्यक्षांना मी सगळं लिहिलंय. वायरलेसवर गाडीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच आहे, पण बाप्तिस्म्याची नाही. ते पत्र या पत्राबरोबरच गुरुवारच्या विमानानं जाईल. दहा महिने राहिलेत. ते मला ठेवतील की घरी पाठवतील, सांगता येत नाही. पाठवलं तर धक्क्यावर कुणी हार घेऊन येऊ नका. मी बोटीतून उतरून चालत घरी येईन. मी इथून गेल्यावर गाडी कुणी ढकलायची हे बाउरोला विचारायला हवं, आणि ते विचारायचं धाडस अजून होत नाहीये.

खरं सांगू, पत्र लिहायला बसलो ते तुझ्याकडे मागायलाच. तू बाबांशी बोल, असं. मोठी बहीण बोलली की बाबा मान खाली घालून ऐकतील, एक शब्द उलट बोलणार नाहीत, आणि मी सुटेन. इथवर लिहिलं आणि लक्षात आलं की मी पुन्हा तेच करायला निघालो होतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्यालाच गाठायचं.

म्हणून बाबांना वेगळं पत्र लिहिलंय, यातलं सगळं त्यात आहे, डुकराच्या जेवणाबद्दलची माफीसुद्धा. याच पाकिटात घातलंय. ते तेवढं त्यांच्या हातात दे आणि लगेच तिथून ऊठ. तू समोर असलीस तर त्यांना रागावता येत नाही. त्यांना रागावू दे.

तुझा भाचा,
फेलेती