चुकीच्या खिळ्यावरचा कप

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून तो कागदावरच घालतो आहे. झालाच असं धरून चाल.) तुझी कंबर काय म्हणते? भावोजी अजून वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात का? वाचत असतील तर वाचू देत. हे वाक्य मीच लिहिलं आहे, हवं तर अक्षर ताडून बघ. इकडे सगळं ठीक. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टीही निघाली. तुला कळवलं नाही, कारण कळवल्यावर तू आली असतीस किंवा आली नसतीस, आणि मला दोन्हीची धास्ती होती.

पत्राला कारण असं की लेकीचा रविवारचा फोन हल्ली आखूड होत चालला आहे. पूर्वी ती नवऱ्याशी झालेली भांडणं, ऑफिसातल्या कुरबुरी, पडद्यांचा रंग असं सगळं सांगायची आणि मी त्यात कोण बरोबर, कोण चूक ते सांगून टाकायचो (मला वाटायचं, ती त्यासाठीच फोन करते). आता जेवलात का, औषध घेतलंत का, की ठेवलाच. मागच्या खेपेला ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, सगळ्यांना पास-नापास करणं सोडा आता. रिटायर झालात तुम्ही." आता तूच सांग, ज्याने उभा जन्म माणसांच्या शेजारी बसून त्यांना गाडी चालवता येते की नाही हे ठरवण्यात घालवला, त्याने ती सवय काय ऑफिसच्या किल्ल्यांबरोबर परत करायची असते? हे सगळं मी तिला ऐकवणार होतो, पण फोन बंद झाला होता. मग मी मनाशी ठरवलं, आठवडाभर कुणालाही नापास करायचं नाही. सुरुवातीचे दिवस फार सोपे गेले, कारण कुणी भेटलंच नाही.

मग डोळा दाखवायला जायचा दिवस आला. एकट्याने यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, आणि ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आपण होऊन म्हणाल्या, मी नेते गाडीतून. या बाई म्हणजे कोण ते तुला आठवत असेल. मी त्यांना इतक्या वेळा नापास केलं होतं की शेवटी माझी बदली झाल्यावर त्या पास झाल्या. रोज गाडी बरोबर रेषेवर लावतात (रेष दोन गाड्यांच्या मध्ये असते, गाडीच्या पोटाखाली नसते) आणि मी एरवी रोज त्यांच्या काचेवर चिठ्ठी लावतो. तरी नेते म्हणाल्या.

ताई, तो प्रवास काय सांगू. बाईंनी आरसा पाहिला तो टिकली नीट करायला. बोलताना त्यांना दोन्ही हात लागतात. भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांनी एका गिऱ्हाइकाला बाहीची उंची विचारली, मागचे भोंगे वाजवत राहिले आणि बाईंनी त्यांनाही हात केला. मी दात आवळून गप्प होतो. पण पाय कुठला गप्प बसतोय? आमच्या परीक्षेच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असायचा, त्यामुळे बाईंच्या गाडीतही माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत सुटला. डोळा दाखवून परत येईपर्यंत पोटरीत असा गोळा आला की डोळ्याचं दुखणं मी विसरूनच गेलो. घर आलं आणि इतका वेळ धरून ठेवलेली जीभ सुटली. माझ्याही नकळत मी म्हणालो, "गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा."

बाईंनी घेतली. बंद केलं. आणि नातवंडं असलेली ती बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, निकालाची वाट पाहत बसली. "सांगून टाका साहेब. काय चुकलं?" चुका माझ्या जिभेवर ओळीने उभ्या होत्या. पण मला एकदम जाणवलं की कुणीतरी माझ्या शेजारी बसलं आहे, आणि मी निकाल सांगितला की दार उघडून निघून जाणार आहे. सगळेच जातात. मी म्हणालो, "काही नाही. पोचलो आपण." बाई हसत सुटल्या, आणि आम्ही त्या बंद गाडीत (रेषेवर) बसून बराच वेळ काहीबाही बोलत राहिलो. कशाबद्दल ते सांगण्यासारखं काही नाही.

वर आलो तर घर सकाळी जसं सोडलं होतं तसंच्या तसं होतं. चप्पल जागेवर, टॉवेल जागेवर, खुर्ची टेबलाला काटकोनात. ताई, हे घर आता फार बरोबर झालं आहे. काही म्हणजे काही हलत नाही. मला एकटं वाटतं. भावोजींना नमस्कार. चूकभूल असेल तर ती असू दे.

तुझा धाकटा

ता. क. मागच्या वेळी तू घासलेली भांडी मी पुन्हा घासली, म्हणून तू दोन दिवस आधी निघालीस असं लेक म्हणते. मी तिला सांगितलं, तसं नसेल, गाडी त्या वेळचीच मिळाली असेल. तरी डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी हवंच आहे. ये. भांडी कशीही घास.

ता. ता. क. थेंब माझे मला घालता येतात. तरी ये.

ता. ता. ता. क. जाताना तू चहा पिऊन कप भलत्याच खिळ्यावर अडकवून गेली होतीस. तो तिथेच आहे. मी हलवलेला नाही. (फक्त त्याचा कान बाकीच्यांसारखा उजवीकडे केला आहे. तेवढं चालवून घे.)