उलटा फिरवलेला पंखा

फ्लोरिडा, ९ सप्टेंबर २०१२

ती. डॅड यांना कर्स्टनचा सा. न.

विमानाचा पंखा कायम उलटा फिरवायचा, म्हणजे हात आपलाच राहतो, असं तुम्ही मला हँगरमध्ये कडेवर घेऊन सांगितलं होतंत. मी तेव्हा शाळेतही जात नसेन. आज ते आठवलं, कारण माझ्या वर्गात तुमच्याच वयाचे एक मेकॅनिक आले आहेत, केंटकीचे. इंजिनापाशी गेले आणि सवयीने पंखा उलटा फिरवायला लागले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ते म्हणाले, बाई, बायको गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता. सगळा वर्ग हसला. मला मात्र तुम्हीच दिसलात.

डॅड, जुन्या इंजिनांच्या बाबतीत तुमचं अगदी बरोबर. उलटा फिरवला की चुकून ठिणगी पडून इंजिन सुरू होत नाही. पण या हलक्या विमानांच्या ऑस्ट्रियन इंजिनांत उलटा फिरवला की तेलात हवा ओढली जाते. झडपा हलवणारे बारके दट्टे तेलाच्या दाबावरच चालतात. त्यांत हवा शिरली की ते पोकळ होतात.

तुमचं मेकॅनिकचं लायसन्स पूर्ण आहे, हे मला माहीत आहे. पण जे काम पूर्वी जाणत्याच्या नजरेखाली केलेलं नाही आणि ज्याची कंपनीची पुस्तिका समोर नाही, त्यावर सही करायची नाही, असंही तोच कायदा सांगतो. शेजारच्या लाइलअंकलचं विमान त्यातलंच, त्याला हेच ऑस्ट्रियन इंजिन आहे. तेव्हा त्याला हात लावण्याआधी माझ्या वर्गाला या. दोनच दिवस. पहिल्या बाकावर बसवीन आणि बडबड केलीत तर बाहेर काढीन.

उद्या अलास्कात शिकवायला निघतेय, महिनाअखेर परत येईन. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवता, म्हणून हा लेखनप्रपंच. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
कर्स्टन

*

ब्लॅक कूली, विस्कॉन्सिन, १९ सप्टेंबर

चि. कर्स्टीला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मास्तरीणबाई, तुम्हाला पाना कसा धरायचा हे कुणी शिकवलं, ते विद्यार्थ्यांना सांगता की नाही?

इकडे थंडी पडायला लागली. चर्चच्या तळघरात शुक्रवारचं मासे-जेवण पुन्हा सुरू झालंय. लाइलच्या आर्लीनने माझ्यासाठी बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, भाजून पाठवल्या. तुझी आई करायची तशा पातळ नाहीत, पण तिला तसं सांगणार कोण?

तू उशीर केलास. लाइलच्या विमानाच्या तेलाच्या नळ्या मी गेल्या शनिवारीच बदलल्या. त्याने स्वतःचं विमान तपासता येईल अशी आशा धरून कुठलासा शनिवार-रविवारचा कोर्स केला होता. मग कळलं, त्याचं विमान कारखान्यात बांधलेलं, त्याला तो परवाना चालत नाही. आला तोंड पाडून माझ्याकडे. नळ्या बसवून मी तेल खेळतं करायला पंखा फिरवत होतो, नेहमीसारखाच. तर हा म्हणतो, व्हर्न, उलटा नको, कोर्समध्ये बजावून सांगितलंय. मी म्हटलं, दोन दिवस शाळेत जाऊन आलास, आता तूच मला शिकव. बिचारा कॉफी ओतायला गेला.

एकदा उडवून आला. थोडं टकटक वाजतंय म्हणाला. मी म्हटलं, नव्या तेलाला बसायला वेळ लागतो. तुझं पत्र त्याला दाखवलेलं नाही. दाखवलं तर हिवाळाभर माझी टर उडवेल. वाजणं थांबलं नाहीच, तर बघू.

वर्गाला मी येणार नाही. या वयात मुलीच्या हाताखाली बसायला लावू नकोस. अलास्कात गरम कपडे घाल. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

डॅड

*

ब्लॅक कूली, ३० सप्टेंबर

चि. कर्स्टन, अ. आ.

लाइल गेला.

उड्डाण करताना, धावपट्टीच्या टोकाशी, इंजिन बंद पडलं आणि विमान ओल्सनच्या मक्यात कोसळलं. आग लागली. मी हँगरच्या दारात होतो. धावलो, पण माझे गुडघे तुला माहीत आहेत. ओल्सन माझ्या आधी पोचला आणि त्यालाही काही करता आलं नाही.

चौकशीला माणूस आला होता. सभ्य वाटला. इंजिन नेलंय, पण त्यातून फारसं कळेल असं त्याला वाटत नाही. पेट्रोलचा कॉक लाइल नीट उघडायला विसरला असावा, असा त्याचा अंदाज. काम कुणी केलं होतं विचारलं, मी सांगितलं. माझं लायसन्स पाहिलं, मान डोलावली.

दफनानंतर आर्लीनने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, व्हर्न, इतकी वर्षं उडवणारा माणूस कॉक विसरेल का रे? मी म्हणालो, वय झालं की विसरतो माणूस. ती म्हणाली, मग मीच त्याला थांबवायला हवं होतं.

तेव्हापासून ती दार उघडत नाही.

थँक्सगिव्हिंगला ये. या विषयावर काही लिहू नकोस. तुझ्या मायेची आत्ता फार गरज आहे.

डॅड

*

फ्लोरिडा, ४ ऑक्टोबर

ती. डॅड यांना सा. न.

तुमची दोन्ही पत्रं एकदमच हातात आली. वरचं मी आधी उघडलं. लाइलअंकलसाठी रडले. मला सायकल शिकवताना ते मागे धावायचे आणि दमून गवतात आडवे व्हायचे. मग चहा केला आणि तुमच्या नेहमीच्या गप्पा वाचायला मिळतील म्हणून खालचं पत्र उघडलं.

डॅड, ते टकटक वाजणं तेलाचं नव्हतं. दट्ट्यांत हवा होती. रिकामे दट्टे झडपांवर आदळत राहतात, हातोड्यासारखे, आणि पूर्ण ताकद लागते तेव्हा, म्हणजे उड्डाणाच्या वेळी, काहीतरी तुटतं. इंजिन हातात आल्याशिवाय खात्रीने सांगू नये, हे मीच वर्गात शिकवते. पण तुम्हाला ते कळलेलं आहे. नाहीतर या विषयावर लिहू नकोस, असं तुम्ही म्हटलं नसतंत. आयुष्यभर तुम्ही मला इंजिनांबद्दलच लिहीत आलात.

तुम्ही वाईट माणूस नाही. ज्या सवयीने तुमचे दोन्ही हात राखले, त्याच सवयीने हे केलं. तिथवर मी तुमच्या बाजूने कुणाशीही भांडेन. पण माझं पत्र आल्यावर विमान जमिनीवरच ठेवायला हवं होतं. तिथे मला तुमच्यासाठी शब्द सापडत नाहीत, आणि शोधताना मला फार एकटं वाटतं.

लायसन्स जाईल. कदाचित त्याहून जास्त जाईल. हँगरवरची पाटी उतरवावी लागेल, शुक्रवारी चर्चमध्ये लोक तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडतील. हे सगळं मला दिसतंय. तरी गप्प राहायला मला जमणार नाही. चौकशी करणाऱ्या माणसाला मी लिहीनच, पण तुमच्या आधी नाही.

आणि आर्लीनचं काय? ती आता जन्मभर हेच म्हणत बसेल की मी त्याला थांबवायला हवं होतं.

मी गुरुवारी येते. गाडी मी चालवेन, तुमचा कोट मी धरेन, तिने दार लावून घेतलं तर पायरीवर तुमच्याशेजारी मीच बसेन. तुम्ही नाही म्हणाल, मला माहीत आहे. तुमचं नाही मी लहानपणापासून ओळखते. त्याला वरची पट्टी लागत नाही, तुम्ही नुसते हात पुसायला लागता. तरी मागते. माझ्याबरोबर तिच्या दाराशी चला, आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा की लाइल काहीही विसरला नव्हता.

तुमची,
कर्स्टन